काचेतून न दिसणाऱ्या भागांवर खर्च करा

बारावीचा निकाल लागला की ठाण्याच्या नौपाड्यातल्या बऱ्याच घरांत दोन कागदांवर चर्चा सुरू होते. एक प्रवेशअर्जाचा, दुसरा असेंबल्ड पीसीच्या कोटेशनचा. कोटेशन गोखले रोडवरच्या दुकानातलं असो की लॅमिंग्टन रोडवरचं, क्रम ठरलेला: वर प्रोसेसर, खाली ग्राफिक कार्ड, मग रॅम, मग रंगीत दिव्यांचं काचेचं कॅबिनेट. अगदी तळाशी ‘एसएमपीएस ४५० वॉट’ एवढंच मोघम लिहिलेलं. कंपनीचं नावसुद्धा नाही. वडील बेरीज तपासतात, चिरंजीव ग्राफिक कार्डाचं मॉडेल तपासतात आणि तळची ओळ तशीच मंजूर होते. घासाघीस करायची ती त्याच ओळीवर करायला हवी, आणि तीही किंमत कमी करण्यासाठी नव्हे.

महावितरणची २३० व्होल्टची वीज प्रोसेसर आणि ग्राफिक कार्डाला थेट चालत नाही. एसएमपीएस तिचं मुख्यतः १२ व्होल्टच्या डीसीत रूपांतर करतो. स्वस्त एसएमपीएसवर ‘४५०’ मोठ्या अक्षरात छापलेलं असतं, पण स्टिकरवरचा १२ व्होल्टचा रकाना वाचावा. तिथे १८ अँपिअर असेल तर हिशेब १२ गुणिले १८, म्हणजे जेमतेम २१६ वॉट. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५०६० या मधल्या फळीतल्या कार्डाचीच भूक १४५ वॉटची आहे. त्यात प्रोसेसर, पंखे, एसएसडी मिळवले की उरतं काय? खेळ रंगात आला की पीसी आपोआप रीस्टार्ट होतो आणि दोष विंडोजला दिला जातो. एसएमपीएस जळाला तर एकटा जाईलच याचीही खात्री नसते. कधी कधी मदरबोर्डालाही सोबत नेतो. नामांकित कंपनीच्या चांगल्या एसएमपीएसला पाच ते दहा वर्षांची वॉरंटी मिळते. ‘८० प्लस’चा शिक्का जरूर पाहावा, पण तो फक्त वीज किती वाया जाते ते सांगतो, आतल्या संरक्षणाची हमी देत नाही.

जुन्या इमारतीत राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट करावी. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यावं. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर बहुतेक वेळा अर्थिंगच गायब असतं. हा खर्च कुठल्याच कोटेशनमध्ये नसतो.

दुसरा प्रश्न उकाडा आणि धुळीचा. यूट्यूबवरचे परदेशी परीक्षक प्रोसेसरचं तापमान मोजतात ते वीस-बावीस अंशांच्या खोलीत. मे महिन्यात ठाण्यातल्या बिनएसीच्या बेडरूममध्ये रात्री दहालाही पारा तिशीच्या वर असतो. खोली दहा अंशांनी तापली की आतले भागही साधारण तेवढेच जास्त तापतात, मग प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो आणि महागाच्या मॉडेलचे पैसे पाण्यात जातात. त्यात नौपाड्यात रिडेव्हलपमेंटचं पेव फुटलेलं. सिमेंटची धूळ खिडकीतून थेट पंख्यांत. समोरून संपूर्ण काच असलेलं कॅबिनेट दिसायला झकास, पण हवा घेणार कुठून? त्यापेक्षा समोर जाळी आणि काढून धुता येणारा फिल्टर असलेलं साधं कॅबिनेट इथल्या हवेला मानवतं. शोकेसमधल्या गणपतीसारखी पीसीची आरास करायची असेल तर गोष्ट वेगळी!

ग्राफिक कार्ड आधी ठरवून मग उरलेल्या पैशांत मॉनिटर घेणं हाही उफराटा कारभार आहे. पडदाच ठरवतो की कार्डाला किती राबायचंय. १०८० पीच्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, १४४० पीवर ३६.९ लाख आणि फोरकेवर ८२.९ लाख. ‘व्हॅलोरंट’ खेळणाऱ्याला १४४ हर्ट्झचा १०८० पी मॉनिटर आणि बेताचं कार्ड पुरतं. ‘सायबरपंक २०७७’ सगळ्या झगमगाटासह पाहायचा असेल तर हिशेब बदलतो. घरी काय खेळलं जाणार हे दुकानात जाण्याआधी मुलाने स्पष्ट सांगावं. ‘सगळंच’ हे उत्तर धरू नये.

नावांचा घोळ कंपन्याही घालतात. एप्रिल २०२५ मध्ये आलेलं आरटीएक्स ५०६० टीआय ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन रूपांत मिळतं. खोक्यावर नाव तेच. अमेरिकेत दोन्हींच्या जाहीर किमतींत फक्त ५० डॉलरचा फरक होता. रॅम पुढे बदलता येते, कार्डावरची मेमरी कधीच वाढवता येत नाही. नवे खेळ आठ जीबीत घुसमटू लागलेत, त्यामुळे इथे हात आखडू नये.

रॅमची तऱ्हा सध्या निराळीच. एआयच्या डेटा सेंटरांकडे चिप वळल्यामुळे २०२५ च्या अखेरीस तिचे भाव भडकले. डिसेंबरमध्ये तर मायक्रॉनने ‘क्रुशल’ हा घरगुती ग्राहकांचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा वेळी ज्यांच्याकडे एएमडीच्या एएम४ सॉकेटचा पीसी आहे त्यांनी तो भंगारात काढण्याची घाई करू नये. नव्या एएम५ ला डीडीआर५ रॅमच लागते, जुनी डीडीआर४ तिथे बसत नाही. उलट २०१७ च्या कित्येक एएम४ मदरबोर्डांवर बायॉस अपडेट करून २०२२ चा रायझन ५८००एक्स३डी चालतो. पाच वर्षांनी आलेला प्रोसेसर जुन्याच बोर्डावर, रॅम तीच.

राहता राहिलं दुकान. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचं आणि लॅमिंग्टन रोडवर चार दुकानं पालथी घालायची, यात भाव नक्की कळतो. पण वर्षभराने कार्ड बिघडलं तर तेवढाच प्रवास खोकं घेऊन करावा लागतो. काही शे रुपयांच्या फरकासाठी जवळचा, जबाबदारी घेणारा दुकानदार सोडणं परवडत नाही. ‘बिल नको असेल तर अठरा टक्के वाचतील’ ही सूचना मात्र जवळच्याची असो की लांबच्याची, साफ नाकारावी. पक्कं जीएसटी बिल घ्यावं आणि त्यावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर लिहून घ्यावा, एसएमपीएसचासुद्धा. दुकानदाराने त्याला कां-कूं केलं, तर ॲडव्हान्स देण्याआधीच बाहेर पडावं.