चित्र विका, हक्क राखा

छत्रपती संभाजीनगरची छावणी मागे टाकून दौलताबाद-वेरूळच्या रस्त्याने निघाले म्हणजे पडेगाव लागते. तेथील एका तरुण चित्रकाराचे गाऱ्हाणे अलीकडे आमच्याकडे आले. ते त्याच्या एकट्याचे असते, तर या स्तंभात त्याचा उल्लेख करण्याचे कारण नव्हते. परंतु ज्या घरांतील पहिलीच पिढी आज हाती कुंचला धरून त्यावर पोट भरू पाहत आहे, अशा प्रत्येक घराला ते लागू पडणारे आहे. सबब ते येथे मांडीत आहोत.

या तरुणाचे वडील गवंडी. मुलाने चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतले. एका छपाई-व्यावसायिकाने त्याला बोलावून सांगितले, "बाबासाहेबांचे एक तैलचित्र काढून दे, आठ हजार रुपये देतो." मुलाने पंचवीस दिवस खपून चित्र काढले, रोख पैसे घेतले, कागद नाही, पावती नाही. पुढे १४ जानेवारीस, नामविस्तार दिनी, विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी लागलेल्या दुकानांतून त्याची धाकटी बहीण एक दिनदर्शिका विकत घेऊन आली. तीवर तेच चित्र होते. खालच्या कोपऱ्यातील सही तेवढी कापून टाकलेली होती. भावाचेच चित्र बहिणीने पैसे मोजून घरी आणले आणि त्यावर भावाचे नाव नव्हते!

"वकीलसाहेब, चित्र माझेच आहे ना?" असे त्याने आम्हांस विचारले. आम्हांला जे उत्तर द्यावे लागले ते कडू होते. ते तुम्हीही ऐकून ठेवा.

वाचकहो, एका चित्रात दोन मालमत्ता असतात. पहिली म्हणजे ते कापड, तो रंग, ती चौकट. भिंतीवर टांगता येते ती वस्तू. दुसरी म्हणजे त्या चित्राच्या प्रती काढण्याचा हक्क. यालाच कॉपीराइट किंवा प्रताधिकार म्हणतात. प्रताधिकार अधिनियम, १९५७ अन्वये चित्राचा कर्ता हाच सामान्यतः या हक्काचा पहिला मालक होय. त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही; नोंदणी केल्यास पुराव्याला बळ येते इतकेच. हा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. त्याने चित्र विकले म्हणून हा हक्क आपोआप विकला जात नाही. कलम १९ प्रमाणे हक्काचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच व्हावे लागते.

येथवर सारे चित्रकाराच्या बाजूचे आहे. परंतु कलम १७ मध्ये एक अपवाद आहे आणि आमचा तरुण नेमका त्यात सापडला. एखाद्याच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन चित्र काढले असेल आणि उलट करार झालेला नसेल, तर प्रताधिकाराचा पहिला मालक चित्रकार नव्हे. चित्र सांगणारा गिऱ्हाईक हाच होय. तरुणाने तेच चित्र स्वतःच्या मनाने आधी काढले असते आणि तो व्यावसायिक ते नंतर विकत घेण्यास आला असता, तर हक्क तरुणाचा राहिला असता. किंवा ऑर्डर घेताना कागदावर एवढेच लिहिले असते की, "या चित्राचा प्रताधिकार चित्रकाराकडे राहील," तरीही तो त्याचाच राहिला असता. या एका ओळीच्या अभावी दिनदर्शिकेचे सारे उत्पन्न दुसऱ्याच्या घरी गेले.

तरीही सर्वस्व गेले नव्हते. त्याच अधिनियमाच्या कलम ५७ प्रमाणे, आपण कर्ता असल्याचे सांगण्याचा आणि आपली प्रतिष्ठा उणावेल अशी कृतीची मोडतोड रोखण्याचा अधिकार प्रताधिकार गेल्यावरही कर्त्याकडे राहतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी ब्राँझचे भव्य भित्तिशिल्प केले होते. ते सरकारने सांगून करून घेतले होते आणि त्याचे मालकही सरकारच होते. १९७९ मध्ये ते भिंतीवरून उतरवून गोदामात टाकले गेले व त्याची नासधूस झाली. सहगल न्यायालयात गेले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, शिल्पाचे अवशेष त्यांना परत देण्याचा आदेश दिला आणि ५ लाख रुपये नुकसानभरपाई मंजूर केली. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूवरही कर्त्याचे नाव आणि मान यांचा हक्क उरतो, हे सरकारविरुद्धही सिद्ध झाले. याच आधारावर आमच्या तरुणाची नोटीस गेली आणि पुढील छपाईत त्याचे नाव छापण्याचे त्या व्यावसायिकाने लेखी कबूल केले. पैशाचे नुकसान मात्र भरून आले नाही.

हे नुकसान केवळ कायद्याच्या अज्ञानाने झाले काय? आम्ही त्या मुलास विचारले, "ऑर्डर घेताना कागद का केला नाहीस?" तो म्हणाला, "एवढ्या मोठ्या माणसाकडे कागद मागायला संकोच वाटला." हे उत्तर आम्हांस कायद्याच्या कलमापेक्षा अधिक बोचले. हा संकोच कोठून आला हे आम्ही जाणतो. बलुत्याच्या व्यवहारात काम करणाऱ्याने किंमत सांगायची नसे. काम आधी करायचे आणि खळ्यावर जे मिळेल ते पदरात घ्यायचे. देणारा देईल ते दान आणि मागणारा उद्धट, हीच रीत. आमच्या वाडवडिलांनी ती पद्धत लाथाडली. परंतु किंमत सांगताना जीभ अडखळते, तेव्हा त्या पद्धतीचा अंश अजून आत शिल्लक आहे असे समजावे.

आणि वाचकहो, थोडे आपल्याकडेही पाहा. जयंती जवळ आली की वस्तीतील चित्रकाराला बोलावणे जाते. व्यासपीठाचा मोठा पडदा रंगवून पाहिजे असतो, मिरवणुकीचा देखावा पाहिजे असतो. मंडपवाल्याला पैसे मिळतात, ध्वनिक्षेपकवाल्याला मिळतात, वाजंत्रीवाल्याला तर आगाऊ मिळतात. चित्रकाराला मात्र ऐकवले जाते, "समाजाचे काम आहे, पैसे कसले मागतोस?" ज्याला स्वखुशीने दान द्यायचे आहे त्याने जरूर द्यावे. परंतु मागून घेतलेले दान म्हणजे वेठच होय. ज्या समितीने वर्गणीच्या हिशेबात विजेच्या बिलाची रक्कम मांडली, तिने चित्रकाराचीही मांडावी.

आता किमतीविषयी. अंगुत्तर निकायात तथागतांनी चांगल्या दुकानदाराचे तीन गुण सांगितले आहेत. त्याला दृष्टी असावी, म्हणजे वस्तू किती रुपयांना पडली, किती रुपयांना जाईल आणि नफा काय उरेल, हे त्याला कळावे. तो खरेदी-विक्रीत कुशल असावा. आणि त्याची पत असावी, म्हणजे लोकांनी विश्वासाने त्याच्या हाती भांडवल द्यावे. चित्रकाराला हे तिन्ही गुण लागतात.

पहिला गुण वहीत दिसतो. कॅनव्हास, रंग, चौकट आणि जाण्या-येण्याचा खर्च लिहा. लागलेले दिवस लिहा आणि कुशल कारागिराची मजुरी त्यांना लावा. आमच्या तरुणाचे आठ हजार पंचवीस दिवसांवर वाटले, तर दिवसाला ३२० रुपये पडतात. त्यातून रंग आणि कापड वजा जाता काय उरले? त्याचे वडील गवंडीकामात दिवसाला याहून अधिक मिळवतात. हा हिशेब त्याने आमच्यासमोर प्रथमच केला आणि तो बराच वेळ गप्प राहिला. जी किंमत ठरेल ती चित्राच्या मागे लिहावी. घरी एक आणि प्रदर्शनात दुसरी, ओळखीच्याला एक आणि परक्याला दुसरी, असे करू नये. त्याने पत जाते.

दुसरा गुण म्हणजे विक्रीचे कौशल्य. वीस हजारांचे मूळ चित्र घेणारी घरे थोडी असतात. तीनशे रुपयांची चांगली छापील प्रत घेणारी पुष्कळ. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापखाना काढला आणि ज्यांची मूळ चित्रे राजवाड्यांत जात त्यांची छापील चित्रे साध्या घरांच्या भिंतींवर गेली. आज यासाठी स्वतःचा छापखाना लागत नाही. मूळ चित्र एकदाच विकावे. प्रती स्वतः काढाव्यात, त्यांवर क्रमांक घालून सही करावी. कोणी दिनदर्शिकेसाठी चित्र मागितले तर हक्क विकू नये, परवानगी द्यावी: अमुक एका वर्षासाठी, अमुक इतक्या प्रतींसाठी, अमुक रकमेला. हक्काच्या कागदात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षे धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर संपूर्ण भारत धरतो, हे ध्यानात ठेवा.

पडेगावच्या चित्रकाराला बाजार दूर नाही. वेरूळला जाणारा प्रवासी त्याच्या दारावरून जातो. दौलताबादच्या पुढे कागझीपुऱ्यात आजही हातकागद बनतो. त्यावर काढलेले लेण्यांचे छोटे रेखाचित्र प्रवाशाच्या पिशवीत मावते आणि या भूमीची खूण म्हणून त्याच्या घरी राहते. १४ जानेवारीस विद्यापीठाचे प्रवेशद्वार आहे, धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपूरची दीक्षाभूमी आहे, ६ डिसेंबरला मुंबईची चैत्यभूमी आहे. मुंबईत १९५२ पासून जहांगीर कलादालन आहे. तेथे तारीख मिळण्यास दीर्घ काळ थांबावे लागते, परंतु त्याच्याच बाहेर पदपथावर चित्रकार आपली चित्रे मांडून बसतात आणि त्यांनाही गिऱ्हाईक लाभते. मोबाइलवरून तर घरबसल्या दाखवता येते. तेथे लहान आकाराचे छायाचित्र टाकावे आणि त्याखाली नाव, माप, माध्यम व किंमत लिहावी. "किंमत खाजगीत विचारा" असे लिहू नये. साधा माणूस विचारण्यास संकोचतो आणि पुढे निघून जातो. ज्याने एक चित्र घेतले त्याचे नाव-गाव वहीत टिपून ठेवावे, कारण दुसरे चित्र बहुधा तोच घेतो.

तिसरा गुण पत; आणि पत कागदाने वाढते. कलादालनात किंवा दुकानात चित्रे ठेवताना यादी करून दोन प्रतींवर सह्या घ्याव्यात. तीत प्रत्येक चित्राची किंमत, दुकानदाराचे कमिशन, चित्रे परत करण्याची तारीख, विक्रीनंतर किती दिवसांत पैसे मिळणार आणि चित्र खराब झाल्यास भरपाई कोण देणार, हे लिहावे. कलादालने बहुधा विक्रीच्या एक तृतीयांशापासून निम्म्यापर्यंत कमिशन घेतात. तेव्हा ते किंमत ठरवतानाच हिशेबात धरावे. "घरी नेऊन पाहतो, आवडले तर ठेवतो," म्हणून कोणी चित्र नेले तर परतीचा दिवस लिहून घ्यावा. १९३० च्या माल-विक्री कायद्याप्रमाणे ठरलेली मुदत उलटूनही नकार न कळवता त्याने चित्र ठेवून घेतले, तर ते त्याने विकत घेतले असे धरले जाते आणि तुम्ही किंमत मागू शकता. वस्तू-सेवा कराविषयी इतकेच सांगतो की, राज्यातल्या राज्यात वर्षाची विक्री ४० लाखांच्या आत असणाऱ्यास सामान्यतः नोंदणी लागत नाही. राज्याबाहेर विकताना नियम निराळे आहेत, ते जाणत्या हिशेबनिसास विचारावे.

आणखी एक हक्क आहे; तो फार थोड्यांस ठाऊक आहे. अधिनियमाच्या कलम ५३-अ प्रमाणे, तुमचे मूळ चित्र पुढे कोणी १० हजार रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकले, तर त्या किमतीत तुमचा आणि तुमच्या पश्चात तुमच्या वारसांचा वाटा असतो. तो १० टक्क्यांपर्यंत असू शकतो. व्यवहारात हा वाटा क्वचितच मागितला जातो, कारण मागणाऱ्याजवळ पहिल्या विक्रीचा पुरावाच नसतो. शिवाय तो मिळण्यास चित्रकार हा हक्काचा पहिला मालक असावा लागतो. म्हणजे ऑर्डर घेताना न लिहिलेली ती एक ओळ नातवंडांपर्यंत नडते.

म्हणून प्रत्येक विक्रीला पावती करा. तीत चित्राचे नाव, माप, माध्यम, वर्ष, किंमत, घेणाऱ्याचे नाव आणि "प्रताधिकार चित्रकाराकडे राखून ठेवला आहे" हे वाक्य असू द्या. ऑर्डरचे काम असेल तर हे वाक्य काम सुरू करण्यापूर्वीच लिहून दोघांच्या सह्या घ्या आणि काही रक्कम आगाऊ घ्या. चित्राचे छायाचित्र काढून पावतीबरोबर जपा. याला अर्धा तास लागतो. आईवडिलांनो, मुलाला स्वतःला हे सुचत नसेल तर तुम्ही ती वही ठेवा. ज्या घरात किराण्याचा हिशेब चोख असतो, त्या घराला हे अवघड नाही.

आपल्याच जिल्ह्यातील दोन स्थळे शेवटी तुमच्यापुढे ठेवतो. अजिंठ्याच्या १६ व्या लेण्यात दान देणाऱ्या वराहदेव मंत्र्याचे नाव शिलालेखात कोरलेले आहे. ज्यांनी त्या भिंती रंगवल्या, ज्यांचे काम पाहण्यास जग येते, त्या चित्रकारांची नावे मात्र आपल्यापर्यंत पोचली नाहीत. त्याच जिल्ह्यात कन्नडजवळ पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत. तेथे सापडलेली सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची एक यक्षमूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्या हातावर लेख आहे की, ही मूर्ती कान्हदास नावाच्या सोनाराने केली. राजा नव्हे, मंत्री नव्हे. हाताने काम करणारा एक कारागीर. त्याने आपले नाव लिहिले म्हणूनच ते आज आपण घेऊ शकतो.

पडेगावचा तो तरुण परवा पुन्हा आला होता. एका शाळेने त्याला भगवान बुद्धांचे चित्र सांगितले आहे. या खेपेस त्याने आधी कागद पुढे केला, मुख्याध्यापकांनी तो वाचला आणि काहीही न बोलता सही केली. ज्याची त्याला इतकी भीती वाटत होती ते एका मिनिटात झाले. तुमच्या घरातील मुलगा किंवा मुलगी उद्या पहिले चित्र विकण्यास निघेल, तेव्हा तिच्या पिशवीत रंगांबरोबर पावतीपुस्तकही घाला.