टाळ्या झाल्या, आता वेळ द्या

मे २०२० मध्ये इंग्लंडच्या साउदॅम्प्टन जनरल हॉस्पिटलात चित्रकार बँक्सीचं एक चित्र लागलं. बॅटमॅन, स्पायडरमॅन टोपलीत पडलेत आणि पोरगं नर्सच्या बाहुलीशी खेळतंय. पुढच्या वर्षी ते दीड कोटी पौंडांहून जास्त किमतीला विकलं गेलं, पैसा आरोग्यसेवेच्या मदतीला गेला. आपणही त्या कोरोनाकाळात थाळ्या वाजवल्या. भावना खरीच होती. पण सिस्टर दोन्हीकडे नुसती कौतुकाची धनी.

अमेरिकेत कोलोराडो विद्यापीठात अतिदक्षता विभागाचे डॉ. मार्क मॉस आणि सहकाऱ्यांनी ब्रश थेट रुग्णसेवा करणाऱ्यांच्याच हाती दिला. कामाने पिचलेल्या नर्स, डॉक्टर, तंत्रज्ञांचे गट केले. चित्र, संगीत, नृत्य, लेखन यांपैकी एक कला, आठवड्यातून दीड तास, १२ आठवडे, सोबतीला प्रशिक्षित कला-उपचारक. चित्र चांगलं यायला हवं अशी अट नव्हती. २०२२ मध्ये निष्कर्ष आले: चिंता आणि नैराश्य कमी झालं, नोकरी सोडण्याचे विचारही ओसरले.

आपल्याला हे नवं वाटायला नको. डॉ. श्रीराम लागू, जब्बार पटेल, मोहन आगाशे, अनिल अवचट हे सगळे पुण्याच्या बी. जे. मेडिकलचे डॉक्टर. कुणाला रंगभूमीने धरून ठेवलं, कुणाला बासरी आणि ओरिगामीने. पण ही चैन डॉक्टरांपुरती राहिली. सिस्टर आणि वॉर्डातल्या मावशींच्या वाट्याला येते ती परिचारिका दिनाची रांगोळी स्पर्धा. नाइट संपवून, पुढच्या पाळीला ओव्हर देऊन, पहाटे दगावलेल्या पेशंटच्या नातेवाइकांचा आक्रोश कानात घेऊन सिस्टर ठिपके काढायला बसते. विषय वरून आलेला: ‘हात धुवा’. मग परीक्षक, नंबर, फोटो. म्हणजे आणखी एक ड्यूटीच.

रंगपेटीने रिक्त पदं भरत नाहीत, हेही खरं. एका सिस्टरकडे चाळीस पेशंट असतील तर आधी दुसरी सिस्टर द्या, मग रंग.

तरीही अधिष्ठाते आणि अधीक्षकांना एक विनंती. आठवड्यातला एक तास द्या, ड्यूटीच्या वेळेतला, मावशी-मामांसकट सगळ्यांना. विषय नको, परीक्षक नको, फोटो तर नकोच. तेवढंही जमणार नसेल, तर येत्या परिचारिका दिनाला, १२ मेला, निदान भाषण तरी करू नका.