पाटीखाली बसलेला शिपाई

अमेरिकन यादवी युद्ध म्हटले की आपल्याकडे बहुधा दोनच गोष्टी आठवतात. एक म्हणजे मुंबईच्या कापसाला आलेला सोन्याचा भाव आणि १८६५ साली फुटलेला तो फुगा. दुसरी, 'गॉन विथ द विंड' या १९३९ च्या चित्रपटातले जळणारे अटलांटा शहर. चित्रपटाने आपल्याला त्या शहरासाठी हळहळायला शिकवले. परंतु त्याच शहराची त्या काळातली छायाचित्रे उपलब्ध आहेत, आणि ती पाहिल्यावर माझी हळहळ तरी बरीच ओसरली.

२ सप्टेंबर १८६४ रोजी अटलांटा उत्तरेच्या जनरल शेर्मनच्या हाती पडले. सैन्याच्या इंजिनिअर खात्याबरोबर जॉर्ज बर्नार्ड नावाचा छायाचित्रकार होता. त्या वेळचे छायाचित्रण म्हणजे मोठाच खटाटोप. काचेवर रसायन ओतायचे, ती ओली आहे तोवरच चित्र घ्यायचे आणि लगेच अंधारात नेऊन धुवायचे. चालती लढाई टिपणे अशक्यच. टिपता येई ती लढाईनंतरची सामसूम. एका चित्रात रुळांवर आगगाडीची नुसती चाके उरली आहेत. पाहणाऱ्याला वाटते, ही शेर्मनची करणी. वास्तविक ती दारूगोळ्याची गाडी दक्षिणेच्या हूड या सेनापतीच्या माणसांनीच माघार घेताना उडवून दिली होती. (शेर्मनही काही संत नव्हे. त्याने नागरिकांना घरेदारे सोडायला लावली आणि नोव्हेंबरात शहराला आग लावून तो पुढे निघाला.)

मला ज्या चित्राविषयी बोलायचे आहे त्यात मात्र पडझड नाही. व्हाइटहॉल रस्त्यावरचे एक साधे दुकान. शेजारच्या दुकानावर काचसामान आणि चिनी मातीच्या भांड्यांची जाहिरात. या दुकानावर ठळक अक्षरांत 'लिलाव व निग्रोविक्री'. बशा आणि माणसे, दोन्ही बाजारात भिंतीला भिंत लावून! आणि त्या पाटीखाली उत्तरेच्या फौजेतला एक काळा शिपाई वाचत बसला आहे. १८२९ पासून जॉर्जियात गुलामाला वाचायला शिकवणे हा कायद्याने गुन्हा होता, हे लक्षात घेऊन हे चित्र पुन्हा पाहावे.

कोणी म्हणेल, त्याला मुद्दाम बसवले असेल. असेलही. पण पाटी काही बर्नार्डने रंगवली नव्हती.

१८६६ साली बर्नार्डने ६१ चित्रांचा संग्रह काढला. त्यात ती मोडलेली गाडी आहे, तटबंद्या आहेत, कोऱ्या आकाशात दुसऱ्या काचेवरून छापलेले देखणे ढगसुद्धा आहेत. हे दुकान मात्र नाही. जिंकणाऱ्यांनाही भग्नावशेषांचीच भुरळ पडली, असे मला वाटते, आणि आजही पुस्तकवाल्यांची आवड फारशी बदललेली नाही.

महात्मा फुल्यांची दृष्टी वेगळी होती. १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली तेव्हा, निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना त्यांनी ती अर्पण केली. त्या युद्धात पुण्याच्या या माणसाला कापसाचा भाव दिसला नाही, जळणाऱ्या हवेल्या दिसल्या नाहीत. माणसांची खरेदी-विक्री थांबलेली दिसली.

आपल्या इतिहास मंडळाने पुढील वर्षी छायाचित्रांचे प्रदर्शन भरवले, तर माझी एक सूचना आहे. आगगाडीची चाके खुशाल कोपऱ्यात लावा. दारासमोर हे दुकान लावा, आणि पाटीवरच्या मजकुराचा मराठी तर्जुमा खाली मोठ्या अक्षरांत लिहा.