माळे दोन, शिडी एक

निर्मळच्या जत्रेच्या निमित्ताने कळंबला काकांकडे जाणं झालं. जत्रा, सुकेळी, संध्याकाळी सुरूच्या बनातून समुद्रावर फेरी, सगळं यथासांग झालं. पण खरा वेळ गेला तो काकांच्या कॉम्प्युटरपुढे! म्हणून ही पोस्ट. (घरच्या मंडळींना मधला तांत्रिक भाग कंटाळवाणा वाटला तर पुढचा परिच्छेद आणि एकदम शेवट तेवढा वाचा.)

काकू गेल्यापासून काकांनी एक काम हाती घेतलंय. जुने फोटो स्कॅन करायचे, डाग-ओरखडे पुसायचे आणि प्रत्येकाखाली कोण, कुठे, कधी ते लिहायचं. लग्नातले, वाडीतले, बावखलाच्या काठावरचे.. त्यातली माणसं ओळखणारे आता ते एकटेच उरलेत, त्यामुळे घाई आहे. आणि मशीन जुनं. रॅम ४ जीबी, बोर्डावर त्याहून जास्त बसत नाही. मोठा फोटो उघडला की हार्ड डिस्क नुसती कुरकुरत राहायची. दुरुस्तीवाल्याने सांगितलं, "व्हर्च्युअल मेमरी सी वरून डी वर न्या." नेली. मशीन आणखी मंद झालं. मग आणखी कुणीतरी म्हणालं, "बंदच करून टाका." केली. त्याच रात्री मेमरी संपली, प्रोग्रॅम पडला आणि दोन तासांचं काम गेलं. "तुझ्या काकूचा फोटो होता रे," एवढंच म्हणाले.

मला राग आला तो अर्धवट सल्ल्यांचा. पहिला सल्ला चूक नव्हता, अर्धा होता. आणि अर्धा सल्ला देणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागत नाही.

रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा. ओटा भरला की सध्या न लागणारी भांडी माळ्यावर टाकायची आणि लागली की उतरवायची. हीच व्हर्च्युअल मेमरी. कल्पना जुनी आहे, १९६२ साली मँचेस्टरच्या अ‍ॅटलस कॉम्प्युटरमध्ये ती प्रत्यक्षात आली. विंडोजमध्ये हा माळा म्हणजे 'पेजफाइल' नावाची लपवलेली फाइल. फक्त माळा फार उंच आहे. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कच्या एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात. सरासरी अर्धा फेरा वाट बघायची, वर डिस्कचा हात सरकायला लागणारा वेळ. रॅमच्या तुलनेत हे काही नाही तरी लाखपट मंद!

आता गोम अशी की काकांच्या मशीनमधले सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग होते. माळे दोन, शिडी एक. विंडोजच्या फाइली एका टोकाला, पेजफाइल दुसऱ्या टोकाला, आणि बिचारा तो एकच हात इकडून तिकडे पळतोय. अक्षर बदललं म्हणजे डिस्क बदलली असं नव्हे. डिस्क मॅनेजमेंट उघडून 'डिस्क ०' आणि 'डिस्क १' असं वेगवेगळं दिसतंय का, ते आधी बघावं.

काकांच्या कपाटात आणखी जुन्या मशीनची एक डिस्क पडून होती. तिची तब्येत तपासून घेतली (माळाच कोसळला तर मशीनही बसतं), जोडली आणि पेजफाइल तिच्यावर नेली. सी वर छोटी फाइल राहू दिली, कारण विंडोज कोसळलं तर त्याची नोंद तिच्याच आधाराने लिहिली जाते. आकार किती? 'रॅमच्या दीडपट' हा जुना ठोकताळा मला पटत नाही. २००८ मध्ये मार्क रसिनोविच यांनी सुचवलेला हिशोब बरा: सगळ्यात जड काम चालू असताना टास्क मॅनेजरमधला 'कमिटेड' आकडा बघायचा, त्यातून रॅम वजा करायची. तेवढं किमान, दुप्पट कमाल. काकांचं काम ७ जीबीपर्यंत जात होतं, म्हणून किमान ३०७२ आणि कमाल ६१४४ एमबी. आकडे भरल्यावर 'सेट' दाबायला मात्र विसरू नका. मी विसरलो होतो!

मशीन काही हरणासारखं धावत नाही. पण फोटो उघडतो, आणि पडत नाही. ज्यांच्याकडे एसएसडी आहे त्यांनी या भानगडीत पडूच नये. पेजफाइल एसएसडीवरच ठेवावी, आकार विंडोजला ठरवू द्यावा. पण म्हातारं झालं म्हणून लगेच भंगारात काढायचं, हे मला मान्य नाही. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, म्हणून नेट तेवढं काढून ठेवलंय. फोटोंची एक प्रत मी सोबत आणली आहे.

आता नातेवाइकांसाठी. वाडीतल्या एका फोटोत काकूच्या मांडीवर झबलं घातलेलं, रडवेलं मूल आहे, मागे केळी. काकांना काही केल्या आठवत नाहीये ते कोण. ताई, दादा, तुमच्यापैकी कुणी आहे का? लवकर कळवा, त्यांनी त्या फोटोखालची जागा रिकामी ठेवली आहे.