विश्लेषण : रात्रीची बातमी पाहायची कुणी?

झोमॅटोने १९ मार्च २०२४ रोजी शाकाहारी ग्राहकांसाठी हिरव्या पोशाखातला वेगळा डिलिव्हरी ताफा जाहीर केला. समाजमाध्यमांवर टीकेची झोड उठली आणि दुसऱ्याच दिवशी कंपनीने हिरवा रंग मागे घेतला. लाल पोशाखातल्या मुलांना सोसायट्या अडवतील, ग्राहकांनाही घरमालकांचा जाच होईल, हे तोवर लक्षात आले होते. मध्ये होती फक्त एक रात्र. अशा रात्री लोक काय बोलताहेत हे वाचणे हेच जनसंपर्क अधिकाऱ्याचे काम. नेमणूकपत्रात वेळ मात्र दहा ते सहा!

सकाळपर्यंत थांबले तर?

पूर्वी चालत असे. पाने छपाईला गेली की सकाळच्या कात्रणांपर्यंत शांतता. आता मोठ्या कंपन्यांना नियमानेही थांबता येत नाही. बाजारमूल्यानुसार पहिल्या १०० नोंदणीकृत कंपन्यांना १ जून २०२४ पासून आणि पहिल्या २५० कंपन्यांना १ डिसेंबर २०२४ पासून ‘सेबी’चे बंधन आहे. प्रमुख माध्यमांतील अफवेने समभागाच्या भावात मोठा चढउतार झाला, तर २४ तासांत दुजोरा, इन्कार किंवा खुलासा करायचा. खुलासा शेअर बाजाराला कळवणारे वेगळे असतात. अफवा आधी दिसायला हवी ती माध्यमांवर नजर ठेवणाऱ्याला.

मग सगळ्यांनीच जागायचे?

गफलत इथेच होते. रात्री साडेअकराला व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘हे पाहिलंत का?’ असे टाकले की सहा जणांची झोप उडते आणि निर्णय कुणीच घेत नाही. त्यापेक्षा आठवड्याला एकाची पाळी लावावी, त्याला बदली सुट्टी द्यावी. साहेबांना कशासाठी उठवायचे, हेही आधीच लिहून ठेवावे. अपघात, मृत्यू, अटक, ग्राहकांच्या माहितीची चोरी झाल्यास लगेच फोन. एका नाराज ग्राहकाची पोस्ट सकाळी नऊला पाहिली तरी चालते.

कायद्याचा आधार आहे?

ऑस्ट्रेलियात २६ ऑगस्ट २०२४ पासून कर्मचारी कामाच्या वेळेनंतर कार्यालयाचे संदेश पाहायला किंवा उत्तर द्यायला नकार देऊ शकतो; नकार अवाजवी नसावा एवढीच अट. ते ठरवताना पद, जबाबदारी आणि उपलब्ध राहण्याचा मोबदला पाहिला जातो. भारतात खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२५ मध्ये लोकसभेत असे खासगी विधेयक मांडले. पण १९७० नंतर एकही खासगी विधेयक संसदेत मंजूर झालेले नाही. तूर्त रात्रीच्या पाळीचा मोबदला नेमणूकपत्रातच लिहून घ्यावा लागेल.