पागोळ्या कुठे पडतात ते आधी पाहा

मृग जवळ आला की गावोगाव घरे शाकारण्याची गडबड सुरू होते. कौले परतली जातात, पत्र्याचे गंजलेले हूक बदलले जातात. त्यातच शेजाऱ्याने नवे पन्हळ बसवलेले दिसते आणि आपल्याही घरात विषय निघतो, आपण बसवायचे का? पेठेतला दुकानदार ‘बसवाच’ म्हणणार, त्याचा तो धंदाच आहे. पण शेतकरी बंधूंनो, खिशात हात घालण्याआधी पहिल्या दोन पावसांत डोक्यावर पोते घेऊन घराभोवती एक फेरी मारा.

पागोळ्या जोत्यापासून लांब पडतात की अगदी लगत? खाली मातीत चर पडलाय का? भिंतीवर चिखलाचे शिंतोडे किती उंच उडालेत? आणि मुख्य म्हणजे, पडलेले पाणी वाहून जाते की तिथेच डबके करून जिरते? वळचण दीड-दोन हात बाहेर असेल, जोते दगडी असेल आणि जमीन मुरमाड, उताराची असेल, तर खुशाल पन्हळाविना राहा. ते पैसे फुटक्या कौलांवर घाला.

काळ्या रानातल्या घराची गोष्ट वेगळी. काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. घराच्या एकाच अंगाला पागोळ्यांचे पाणी जिरत राहिले की पायाचे तेवढेच अंग वर-खाली होते आणि खिडकीच्या कोपऱ्यापासून भिंतीला तिरकी चीर जाते. मग आपण गवंड्याला शिव्या देतो! मातीच्या भिंतीला तर त्याहून मोठा धोका. तळाची माती रोज थोडी थोडी सुटते, वरून काही दिसत नाही, आणि संततधार लागली की एखाद्या रात्री भिंत बसते. तिच्याच आडोशाला पोरेबाळे झोपलेली असतात. अशा घराला पन्हळ हवेच, यात दुमत नाही.

एकाच सातारा जिल्ह्यात पाहा. महाबळेश्वराला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, माणमध्ये त्याचा जेमतेम दहावा हिस्सा. घाटमाथ्यावर झाडाखालच्या घराला पन्हळ लावले तर पाचोळ्याने तुंबते, पाणी उलटे फिरते आणि वाशांची टोके कुजतात. दर आठवड्याला शिडी लावून साफ करणारे घरात कोणी नसेल, तर तिथे लांब वळचण आणि पागोळीखाली दगडी गटार हेच बरे. माण-खटावात मात्र हिशेब उलटा. वीस बाय तीस फुटांच्या पत्र्यावर एक इंच पाऊस पडला तर सुमारे १,४०० लिटर पाणी होते. थोडे वाया गेले तरी जनावरांची आणि वापराची सोय होते. पहिल्या पावसाचे धुणे तेवढे टाकीत घेऊ नका.

एक चूक मात्र सर्रास होते. पन्हळ बसवतात आणि खालचा पाइप विसरतात. मग पाख्याभर विखुरलेले पाणी एका कोपऱ्यात धबाधबा पडते आणि महिन्याभरात तिथला पाया उघडा! पाणी पाइपाने खाली आणून पायापासून पाच-सहा फूट लांब सोडा. पन्हळाला दहा फुटांत इंचभर तरी उतार ठेवा.

आणि ते शेजाऱ्याच्या भिंतीवर सोडू नका. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे वीस वर्षे उघडपणे, हक्काने व अखंड चालत आलेल्या वहिवाटीला हक्क मिळू शकतो, पण तो बोजा आपल्या मर्जीने वाढवता येत नाही. पागोळ्यांची धार करून सोडणे म्हणजे बोजा वाढवणेच. सरपंच मंडळींनीही घरकुलाची पाहणी करताना भिंती मोजाव्यात तशी छताच्या पाण्याची वाट पाहावी. ती रस्त्यावर निघत असेल तर गटार होईपर्यंत थांबायला सांगावे.

इतके करून मन होत नसेल, तर निदान दारावरच्या आणि चुलीच्या बाजूच्या पाख्याला आठ-दहा फुटांचे पन्हळ लावा. उरलेल्या घराचे दिवाळीनंतर बघता येईल.