माणसाची पारख

अमेरिकेंत ज्या खेळास फुटबॉल म्हणतात, त्यांत पायाचें काम थोडें व हाताचें फार. अकरा-अकरा गड्यांचे दोन संघ शंभर यार्डांच्या मैदानावर समोरासमोर उभे राहतात. चेंडू ज्यांच्या हातीं असेल त्यांनीं चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढें सरकावें, न सरकल्यास चेंडू प्रतिपक्षास द्यावा, असा या खेळाचा ढांचा आहे. या चढाईचा सूत्रधार तो क्वार्टरबॅक. प्रतिपक्षाचे धिप्पाड गडी अंगावर धांवून येत असतां, चेंडू कोणाकडे फेंकावयाचा कीं मुळींच फेंकावयाचा नाहीं, हें त्यास दोन-तीन सेकंदांत ठरवावें लागतें. असा गडी व त्यास घडविणारा प्रशिक्षक कसा निवडावा, यावर तेथील धंदेवाईक संघांचे मालक अपार पैसा व बुद्धि खर्च करीत असतात. या परक्या खेळाशीं आम्हांस काय कर्तव्य, असें वाचक म्हणतील. परंतु माणूस पारखण्याचा प्रसंग कोणत्या घरास चुकला आहे?

१९८७ पासून इंडियानापोलिस शहरीं होतकरू खेळाडूंची वार्षिक परीक्षा भरत आली आहे. तेथें उंची, वजन, हाताचा पंजा, सारें मोजतात. चाळीस यार्ड धांवण्यास लागलेला वेळ सेकंदाच्या शतांशापर्यंत टिपतात. बुद्धीचीहि मोजदाद व्हावी म्हणून बारा मिनिटांत पन्नास प्रश्नांची एक चांचणी घेत असत. ती २०२२ मध्यें गाळण्यांत आली. इतका काटेकोर तोल करूनहि फळ काय? १९९८ मध्यें पेटन मॅनिंग व रायन लीफ यांत श्रेष्ठ कोण, याविषयीं जाणत्यांत मतभेद होता. मॅनिंग पहिला व लीफ दुसरा निवडला गेला. मॅनिंगनें पुढें दोन अजिंक्यपदें मिळविलीं. लीफची कारकीर्द २००२ मध्यें संपली देखील. उलटपक्षीं, २००० सालीं टॉम ब्रेडी हा १९९ वा निवडला गेला, आणि त्यानें सात अजिंक्यपदें जिंकलीं!

याचें कारण आम्हांस असें वाटतें कीं, जें मोजतां येतें तें मोजलें गेलें. परंतु जें हवें होतें तें फूटपट्टींत मावणारें नव्हतें. प्रतिपक्षी अंगाशीं भिडत असतां दृष्टि दूरच्या सोबत्यावर ठेवणें, मागील चुकीपासून बोध घेऊन तिची धास्ती मात्र मनांतून काढून टाकणें, आणि हरत आलेल्या सामन्यांत दहा सोबत्यांचा विश्वास टिकविणें, हे या जागेचे खरे गुण. पैकीं पहिला बराचसा सरावानें येतो. उरलेले दोन पडत्या काळांत पाहिल्यावांचून कळत नाहींत.

प्रशिक्षकाची निवड तर याहूनहि अवघड. बिल वॉल्श यांनीं सिनसिनाटी संघांत आठ वर्षें सहायकाचें काम केलें. १९७६ मध्यें मुख्य जागा रिकामी झाली तेव्हां ती दुसऱ्यास मिळाली. १९७९ मध्यें सॅन फ्रान्सिस्कोनें त्यांस नेमलें. पहिल्या वर्षीं दोन विजय व चौदा पराभव, दुसऱ्या वर्षीं सहा विजय व दहा पराभव. तिसऱ्या हंगामांत अजिंक्यपद! मालकानें पहिल्याच वर्षीं हिशेब मागितला असता, तर हें फळ कोणाच्या पदरीं पडतें? अर्थात् प्रत्येक पराभूत माणसांत वॉल्श दडलेला नसतो. म्हणून पराभव मोजण्यापेक्षां, त्यांतून तो काय शिकला, हाताखालीं कशीं माणसें निवडतो, आणि अपयशाचा दोष कोणावर ढकलतो, हें विचारणारा मालक शहाणा.

परंतु पारखणाऱ्याचा डोळाच दूषित असेल तर? १९७८ च्या जानेवारींत वॉशिंग्टन विद्यापीठास प्रख्यात रोझ बोल सामना जिंकून देणारा क्वार्टरबॅक वॉरन मून त्या वर्षींच्या निवडींत कोणासहि नको झाला. तो कृष्णवर्णी होता, आणि डोक्यानें खेळावयाची ही जागा कृष्णवर्णियांस पेलणार नाहीं, असा समज संघचालकांत फार दिवस रुजलेला होता. मूननें आपली जागा सोडली नाहीं, देश सोडला. कॅनडांतील एडमंटन संघास त्यानें लागोपाठ पांच अजिंक्यपदें मिळवून दिलीं, १९८४ मध्यें तो ह्यूस्टनच्या संघांत आला, आणि २००६ मध्यें त्या खेळाच्या कीर्तिमंदिरांत त्यास स्थान मिळालें. प्रशिक्षकांच्या बाबतींतहि असाच अन्याय होत असल्यामुळें, मुख्य जागेसाठीं निदान एका अल्पसंख्य उमेदवाराची मुलाखत घेतलीच पाहिजे, असा नियम २००३ मध्यें करण्यांत आला. नियमानें दार उघडतें. समोर बसलेल्या माणसाकडे मोकळ्या मनानें पाहणें मात्र ज्याचें त्यानेंच शिकावें लागतें.

आमच्या घरांतून हा प्रश्न रोजचाच आहे. परीक्षेंत एकदां नापास झालेला मुलगा, चारचौघांत न बोलणारी नवी सून, अमक्या जातीचा म्हणून ओसरीवरूनच परत पाठविलेला होतकरू तरुण, या सर्वांवर आम्ही किती लौकर शिक्का मारतों! ज्यांनीं ब्रेडीस १९८ जणांच्या मागें बसविलें त्यांचें नुकसान झालें खरें, पण तें एका खेळांतलें. आमची चूक झाली तर एका माणसाचा जन्म वायां जातो, आणि तो आम्हांस दिसतहि नाहीं.